मागचे ब्रेक
धाकट्याला गाडीच्या मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून तिथे डिस्क ब्रेक हवे होते, आणि त्यासाठी तो लालभडक कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारे ब्रेकचे चिमटे, कुठूनतरी उचलून घेऊन आला होता. गॅरेज माझं, म्हणून काम माझ्याच गळ्यात. मी कॅलिपर उलटसुलट करून पाहिले आणि म्हटलं, "याला हँडब्रेकची केबल जोडायची सोयच नाही. ड्रम काढले की हँडब्रेक गेला." तो हसला. "गिअरमध्ये उभी करीन रे दादा. तू ना, फार भित्रा!" मी नाही म्हणून सांगितलं. तासाभरात आईचा फोन. "करून दे ना त्याला. सख्ख्या भावासाठी एवढंही जड जातं का तुला?" मी करून दिलं. दोन महिन्यांनी तो आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. किंचित चढावर गाडी थांबवली आणि गिअर न टाकताच, फोनवर बोलत बोलत आत गेला. आई उतरायला लागली, त्या हिसक्याने गाडी मागे घरंगळली. उघड्या दाराने तिला खाली पाडलं. खुब्याचं हाड मोडलं. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा धाकटा भिंतीला टेकून रडत होता. मी तोंड उघडणार, तोच आईने माझं मनगट धरलं. "त्याला काही बोलू नकोस. आधीच हबकलंय पोर." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तुला तर ठाऊक होतं ना रे? मग माझं ऐकलंस कशाला?" 'तूच तर गळ घातलीस,' असं ओठांवर आलं होतं. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच मला गिळवेना.