मनकर्णाबाईंचा अर्ज

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बसस्टँडसमोर उर्वशीचं ऑनलाइन अर्जांचं दुकान होतं. लोक घरच्या मराठीत लिहून आणत. कागद स्कॅन केला की कॉम्प्युटर आधी भाषा ओळखे, मग त्याचं सरकारी हिंदी करून देई.

त्या दुपारी रामाकोन्याच्या मनकर्णाबाई आल्या. त्यांचा मुलगा दोन वर्षांपासून बेपत्ता होता. अर्ज साध्या, स्वच्छ मराठीत होता. पडद्यावर मात्र आलं, ‘भाषा ओळखता आली नाही.’

“थांबा काकू, मीच टाइप करून पायते.”

तिने शब्दन् शब्द उतरवला. पुन्हा तेच उत्तर आलं.

“पांढुर्ण्यालेबी असंच झालं,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “तिथल्या पोरीनं मंग दुकानच बंद केलं.”

उर्वशीने अर्ज पुसून फक्त स्वतःचं नाव लिहिलं. मग ‘आई’ लिहिलं. भाषा ओळखता आली नाही.

मनकर्णाबाईंनी कागदाची घडी केली.

उर्वशीने शेजारच्या चहावाल्या गौतमला हाक मारली आणि पाणी मागितलं. रोज तिच्याशी तासभर गप्पा मारणारा गौतम दारात येऊन तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळूच मनकर्णाबाईंकडे वळला.

“काकू, ताई आज कोणत्या भाषेत बोलून राहिली?”