लहान गटातलं बक्षीस

हिंगणघाटच्या लघुपट स्पर्धेत ॲनिमेशनला वेगळं बक्षीस असावं असा विषय निघाला, तेव्हा परीक्षक महादेवरावांनी तो उडवूनच लावला. "कार्टूनच ना ते? चित्राले का अभिनय जमते? टाका लहान पोट्ट्यायच्या गटात." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

समारंभात ॲनिमेशनची फिल्म केलेली, कॉलेजात शिकणारी रुपा चौथी-पाचवीतल्या पोरांच्या रांगेत उभी राहिली आणि महादेवरावांच्याच हातून बक्षीस म्हणून जेवणाचा रंगीत डबा घेऊन खाली उतरली. लोक हसले. महादेवरावांना मात्र कुठं तोंड लपवावं असं झालं. तिच्या फिल्ममधली, बापासमोर मान खाली घालून उभी राहणारी ती मुलगी काही केल्या त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

समारंभ संपल्यावर ते रुपाला चहाला घरी घेऊन आले. त्यांची मुलगी कोकिळा दोघांपुढं चहाचे कप मुकाट्यानं ठेवून गेली. मग ते रुपाला समजुतीच्या सुरात म्हणाले, "पोरी, गोष्ट लाखाची होती तुही. चित्रं काढत बसल्यापेक्षा खरी माणसं काऊन नाई घेतली? पयला नंबर तुहाच होता."

रुपानं डबा ओढणीआड धरला.



"घेणारच होती, काका. कोकिळा तयार होती. तुम्हीच तिले म्हणले, आपल्या घरच्या पोरी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहत नाई. म्हणून मंग म्या तिचं चित्र काढलं."