काढलेल्याची टोपी

"दोष तुझा एकट्याचा नाही, डॅरिल," खिडकीतून खालच्या आइस हॉकीच्या मैदानाकडे बघत मॅनेजर टेगार्ट म्हणाला. "पण पोरं झोपलीयत. त्यांना जाग आणायची तर कुणाला तरी काढावंच लागतं."

वाक्य ओळखीचं वाटलं. कुठे ऐकलं, ते कोच डॅरिल प्रोकोपला आठवेना. त्याने गळ्यातली शिट्टी टेबलावर आपटली आणि सामानाचं खोकं काखेत मारून तो बाहेर पडला.

जिना उतरता उतरता तो आपल्या चुका आठवू लागला. चुका झाल्याच होत्या. कॅप्टन केला तो शेळपट. मदतनीस नेमला तो नंदीबैल. पण सगळ्यांत मोठी चूक म्हणजे स्वतःचा मवाळपणा! आणखी चारपाचजणांना रडवलं असतं, तर कप कपाटात असता. असो. आज संध्याकाळी ही मंडळी घरच्या बर्फावर सडकून मार खातील. मग टेगार्ट नाक घासत येईल. तोवर पार्किंगमध्येच थांबावं, असं त्याने ठरवलं.

खाली एमिल लाकूर पायाला पॅड बांधत बसला होता. संघाचा गोलरक्षक. संघ ढेपाळला, की प्रोकोप भर सामन्यात त्यालाच बाहेर बोलवायचा. मग एमिलने मुखवटा काढायचा, टोपी घालायची, बाकाच्या टोकाला बसायचं आणि आत-बाहेर करणाऱ्या खेळाडूंसाठी दार उघडायचं. सगळं गाव बघत असे.

"काय रे, आज गोड जेवणार असशील," प्रोकोप म्हणाला.

"नाही, कोच. काय म्हणाले टेगार्ट?"

"म्हणे, दोष माझा नाही. पोरांना जाग आणायची म्हणून..."

 आता त्या वाक्याचा आवाजही आठवला. तो प्रोकोपचा स्वतःचाच होता.

एमिल हसला नाही. पट्टा आवळत म्हणाला, "ते बोलणं फारसं लागत नाही, कोच. आपल्याला काढल्यावर संघ जिंकतो ना, ते लागतं. वर टाळ्याही वाजवायच्या असतात."

"जिंकतायत! हे बाजारबुणगे!"

एमिलने बाकावरची आपली टोपी उचलली आणि प्रोकोपच्या खोक्यात ठेवली.

"असू द्या. आज मला लागायची नाही."

संध्याकाळी प्रोकोप पार्किंगमध्ये आपल्या पिकअप गाडीत रेडिओ लावून बसला. काचांवर बर्फ साचत होता. घरच्या संघाने गोल केला, की छपरावरचा भोंगा वाजतो. तो वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा त्याने शिवी हासडून रेडिओ बंद केला.

रेडिओ गप्प झाला. भोंगा होईना.

थंडीने कान बधिर झाले होते. प्रोकोपने खोक्यात हात घातला आणि मुकाट्याने टोपी डोक्यावर चढवली.