मोजून दुसरं घर

पडद्यावर पाचचा आकडा होता आणि पंपाची मोटर भिरभिरत होती.

गुरुजींनी नळी टेबलाखालच्या बादलीत सोडली होती. तासाला पाच मिलिलिटर म्हणजे थेंब थेंब पडायला हवं. इथे तर धार लागली होती. त्यांनी पंप बंद केला आणि चष्मा पुसला. चष्म्यावर काहीच नव्हतं.

फोन वाजला. भाची होती.

"मामा, आईला दोन वाजता आत नेणार. भुलीचं औषध तुझ्या नव्या पंपावर. पहिला मान आईचाच! मी नर्सबाईंना सांगून टाकलं, माझ्या मामाने बनवलाय."

"मी एकट्याने नाही गं बनवला."

"झालं तुझं सुरू! येतोयस ना?"

"येतो. हातातलं तेवढं उरकून."

हातातलं काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

कचेरीत त्यांना गुरुजी म्हणत, कारण तीस वर्षं प्रत्येक नवख्याला ते एकच धडा देत आले होते. पंपाच्या मेंदूत, म्हणजे कर्नेलमध्ये, रुग्णाची एक नोंद असते. तिच्यात ओळीने घरं. पहिल्यात वजन, दुसऱ्यात औषधाची गती, तिसऱ्यात पंपाची कमाल गती, जी कुणाच्याही नसेत कधी जायला नको. मोटर चालवणारा प्रोग्राम घरांवरच्या पाट्या वाचत नाही. तो मोजून दुसऱ्या घरात हात घालतो. म्हणून नवं घर बांधायचं ते ओळीच्या टोकाला. मध्ये कधीच नाही.

परवा ते मध्ये बांधलं होतं खुद्द गुरुजींनी. शेवटच्या डोसची वेळ ठेवायला, वजनाच्या शेजारी, नोंद आटोपशीर दिसते म्हणून. गती सरकली तिसऱ्या घरात. मोटर दुसऱ्या घरातली वेळ वाचत होती आणि तिलाच गती समजत होती. आणि हे कर्नेल कालच इस्पितळातल्या पंपावर चढलं होतं.

मोटरचा प्रोग्राम पंपवाल्याचा. गुरुजींच्याच हाताखाली शिकलेला. हल्ली इस्पितळातच बसून यंत्रं पाहायचा. गुरुजींनी त्याचा नंबर काढला. अंगठा तसाच राहिला. काय सांगणार? जे तुला दहादा बजावलं, तेच मी केलं?

त्यांनी फोन पालथा ठेवला.

नवं घर उचलून टोकाला नेलं. गती पुन्हा दुसऱ्या घरात आली, कमाल गती तिसऱ्यात. बादलीपाशी खुर्ची ओढून ते वीस मिनिटं पाहत बसले. थेंब. थेंब. मग त्यांनी दुरुस्ती इस्पितळाकडे रवाना केली. पंप सुरू करताच ती आपोआप लागू व्हायची. सोबतच्या टिपणात लिहिलं, 'किरकोळ आवराआवर'. लिहिताना कान तापले.

इस्पितळात पोचले तेव्हा दारावरचा लाल दिवा लागला होता.

"मामा, हात किती गार पडलाय तुझा!" भाची म्हणाली. "आई मात्र हसत आत गेली. म्हणाली, धाकट्याचं यंत्र आहे, बिघडलं तर उठून कान पिळते त्याचा."

गुरुजी हसले.

तेवढ्यात दार उघडून पंपवाला बाहेर आला. तोंडावरची पट्टी खाली ओढत म्हणाला, "आत्ताच सुरू करून दिला, गुरुजी. पडद्यावर बरोब्बर पाच."

गुरुजी बाकावर टेकले. भाची पाणी आणायला गेली. पंपवाला बाकावर जरा सरकून बसला.

"एक बोलू? रागावणार नसाल तर."

"बोल ना."

"सकाळी पंप तपासला, तर पाच लावल्यावर धार लागली. नोंद उघडून पाहिली. तुमचं नवं घर..." तो अवघडला. "मध्येच होतं."

गुरुजींनी मान खाली घातली. "मी तुला फोन करणार होतो."

"असू द्या हो. माणूस आहे, चुकतो. तुमच्या नावाला बट्टा नको, म्हणून मी कुणापाशी बोललो नाही, नि बोलणारही नाही. तुम्ही आता कशाला हात लावू नका. सकाळीच मी माझा प्रोग्राम बदलून टाकलाय. मोटर आता दुसरं घर सोडून तिसरंच वाचते."