मलम लावणारा हात

हातमोज्यांचा खोका सीलबंदच होता. शुभदा सिस्टरनं तो उलटसुलट करून पाहिला.

"रेणुका, मलम कशानं लावतेस?"

"हातानंच की."

एकवीस दिवस उघड्या हातानं! बेडश्याच्या शालनबाईंना कातडीचा कॅन्सर होता, लाखात एखाद्याला होणारा. डॉक्टर त्याला लिम्फोमा म्हणत. पाठीवर, दंडावर लाल चट्टे, सदा खाज. आजार शिवून लागणारा नव्हता, पण मलम जहाल. लावणाऱ्याच्या कातडीतूनही आत उतरायचं. हे शुभदानं पहिल्याच दिवशी दवाखान्यात त्यांच्या सुनेला, रेणुकाला, सांगितलं होतं. सांगितलं होतं ना? गर्दी होती, पण सांगितलं होतं. आज ती घरी बघायला आली होती.

"अगं, मग मोजे का नाही घातलेस?"

रेणुकानं खाटेवरच्या सासूकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. पण खोली ती केवढी, शालनबाईंना सगळं ऐकू जात होतं.

"खोका नुसता हातात घेतला, तर आत्यांनी तोंड फिरवलं. लहानपणी विहिरीवर लोक शिवायला नगं म्हणून त्यांच्या वंजळीत वरनं पाणी वतायचे. आता घरात बी तसंच का, म्हणल्या. मग माझा हातच उचलंना."

माया केली म्हणून रागवायचं कसं? तरी विचारायचं ते विचारावंच लागलं.

"पाळी कधी आली होती?"

रेणुका ओढणीचं टोक पिळत राहिली. "दोन महिनं झालं. ह्यांना बी अजून सांगितलं न्हाई."

शुभदानं फोन बाहेर काढला. "आधी साबणानं हात धू. आजच लोणावळ्याला डॉक्टरांना दाखवू, मी फोन करते. पोटातल्या बाळाला काही झालं असेलच असं नाही. पण या मलमाला आता तू बोट लावायचं नाही." फोन लावताना तिचा अंगठा दोनदा भलत्याच नावावर पडला.

रेणुका हात धुऊन आली. सासूच्या पाठीवरून पातळ घसरलं होतं, ते सारखं करायला वाकली.

शालनबाई खाटेवर पार भिंतीपर्यंत सरकल्या. उघडी पाठ भिंतीला घासली, तरी सरकल्या.

"लांब हो," त्या म्हणाल्या. "शिवू नगंस मला."