अंगाईचा रकाना

मसाल्याच्या कारखान्यात प्रत्येक बाईच्या गळ्यातली पट्टी तिचं मन टिपून घेई. त्यातलं साहेबांच्या अहवालात काय दिसावं, त्या निवडक रकान्यांचा तक्ता, म्हणजे 'व्ह्यू', संगणकावर वृषाली आखून देई. या महिन्यात सर्वांत आनंदी ठरल्या होत्या सगुणाबाई घुगे. कारण त्या दिवसभर गुणगुणत.

"बक्षीस द्या बाईंना," सुपारी चघळत देवस्थळी साहेब म्हणाले.

वृषालीनं पट्टीत टिपलेलं ते गुणगुणणं लावलं. "साहेब, ही अंगाई आहे हो. मागच्या महिन्यात लेकरू गेलं त्यांचं. मशीन गुणगुणणं आनंदात धरतंय. मी दुःखाचा वेगळा रकाना करते."

"दुःख व्ह्यूत आलं की नियमानं रजा द्यावी लागते, मॅडम. गातायत ना? मग झालं तर! उलट हीच चाल सगळ्या विभागांत लावा, आनंद वाढेल."

त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ उतरला. वृषालीनं नजर पडद्याकडे वळवली. अशा माणसाला दिसावं म्हणून आपण बायांची मनं निवडून, पाखडून देत आलो, याची तिला त्या ओघळाहून जास्त किळस आली.

तिनं तिथंच रकाना आखला आणि व्ह्यू थेट संचालकांना धाडला.

"हे काय पाठवलंत?" साहेब ओरडले.

"सगुणाबाईंचा रजेचा अर्ज."