नोंद नाही

"दवाखान्यात गेल्याची नोंद नाही." नऊ वर्षांत प्रत्येक तारखेला म्हटलेलं वाक्य सरकारी वकिलाने आजही म्हटलं. सोनाबाईंनी ते नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं. निवृत्त हवालदार विठोजी कणसे यांनी नुसती मान हलवली. पलटणीत तोफा डागून डागून त्यांचे कान गेले, पण अपंगत्वाचं पेन्शन मिळालं नव्हतं. अपिलातही तेच होणार, असं ते धरूनच चालले होते.

मग त्यांच्या वकिलाने शोधून आणलेला साक्षीदार काठी टेकत पुढे आला. ते बर्वेसाहेब होते, विठोजींचे तेव्हाचे कॅप्टन.

"कानातून रक्त येतंय, दवाखान्यात पाठवा, असं हा तीनदा म्हणाला," साहेब न्यायाधीशांना म्हणाले. "माझ्याकडे माणसं कमी होती. मीच याला तोफेवर परत पाठवलं. नोंद कुठून असणार?"

हे नवऱ्याला सांगताना सोनाबाईंचा आवाज फाटला.

दुपारी अपील मंजूर झालं. विठोजींना आनंद झालाच नाही. ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. साहेब समोर येऊन उभे राहिले. तीस वर्षं विठोजींनी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. आता त्याचे ओठ हलत होते आणि डोळे भरले होते.

"आवं, सायेब म्हनत्यात..." सोनाबाई कानाशी वाकल्या.

विठोजींनी त्यांना हातानेच थांबवलं.

"ऱ्हाऊ दे. समजलं," ते म्हणाले, आणि सरकून साहेबांना बसायला जागा करून दिली.